तेलाच्या तेजीने विलिस्टनचा शेतकरी तरला की बुडाला?

गव्हाणी:
अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात विलिस्टन नावाचं गाव आहे. भोवती ड्युरम गहू, वाटाणा, मसूर. २००८ च्या सुमारास तिथे बाकेन नावाच्या खोल खडकाच्या थरातलं तेल जोरात निघू लागलं आणि तेव्हापासून आपल्या लोकांत एक गोष्ट फिरते: तिथला शेतकरी घरबसल्या करोडपती झाला. मी शेजारच्या मिनेसोटात धान्याच्या धंद्यात आहे, त्या भागातल्या शेतकऱ्यांशी रोजचा संबंध. माझ्या मते ही गोष्ट निम्मीसुद्धा खरी नाही.

तिथे जमीन वेगळी विकता येते आणि जमिनीखालचं खनिज वेगळं. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम आली, कर्जापायी शेतं गेली. ती पुन्हा विकताना बँकांनी आणि सरकारनेही खनिजातला हिस्सा बऱ्याचदा स्वतःकडे ठेवला. पुढे कुणी शेत विकून ॲरिझोनात राहायला गेलं, तर त्यानेही ‘खालचं’ राखून ठेवलं. त्यामुळे पेरणारा एक आणि रॉयल्टी खाणारा भलताच, असं सर्रास दिसतं. ज्याच्याकडे फक्त वरची जमीन आहे त्याला १९७९ च्या कायद्याने नुकसानभरपाई मिळते. पण ‘माझ्या शेतात विहीर नको’ म्हणायची सोय नाही. खनिजाचा हक्क वरचढ.

त्याच्या वाट्याला काय येतं? एक विहीर चालू होईपर्यंत ट्रकच्या सुमारे २००० फेऱ्या होतात. त्या खडीच्या रस्त्यांवरून. कडेचं पीक आणि चारा धुळीने माखतो. कापणीला ड्रायव्हर मिळत नाही, कारण तोच माणूस तेलवाल्यांकडे टँकर चालवून कितीतरी जास्त कमावतो. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तर रेल्वेचे डबेच मिळेनात. रुळांवर तेलाच्या गाड्या, गहू कोठारात पडून, आणि गावच्या एलेव्हेटरने (धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठाराने) भाव पाडलेला. शेवटी जून २०१४ मध्ये केंद्रीय नियामक मंडळाला दोन रेल्वे कंपन्यांकडून धान्याच्या थकलेल्या डब्यांचा दर आठवड्याला हिशेब मागावा लागला.

हिशेबनीस:
असहमत. रेल्वेचं खापर सगळं तेलावर फोडू नका. त्या वर्षी पीक बंपर होतं आणि थंडी भयानक होती, कंपन्यांनीही हेच सांगितलं.

तेल येण्याआधी तिथे काय होतं तेही लिहा ना. तरुण पोरं शिकून बाहेर जायची ती परत यायची नाहीत, शाळा एकमेकींत विलीन व्हायच्या, मेन स्ट्रीटवर निम्मी दुकानं बंद. २०१० च्या जनगणनेत विलिस्टन १४,७१६ लोकांचं, २०२० मध्ये २९,१६०. ज्यांच्याकडे खनिज होतं त्यांनी कर्ज फेडलं, नवं कम्बाईन (कापणी-मळणीचं यंत्र) घेतलं, मुलाला शेतीत परत आणलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्या बायकामुलांना निदान गावात नोकरी मिळाली. धुळीबद्दल कुरकुरायला आधी गावात माणूस उरावा लागतो.

शिरोळचा_संभा:
गव्हाणी दादा, तेलाबरोबर खारं पाणी येतं म्हणतात, ते कुठं सोडतात? आमच्याकडं उसाला पाणी पाजून पाजून जमीन क्षारपड झाली. पांढरा थर येतो, गवतसुद्धा उगवत नाही. चर काढून खाली पाइप टाकायला एकरी किती खर्च येतो ते आम्हाला विचारा.

गव्हाणी:
संभाजीराव, बरोबर नस पकडलीत. ते पाणी समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारं असतं. खोल विहिरीत परत ढकलतात, पण तिथवर नेणारी पाइपलाइन फुटली की संपलं. जानेवारी २०१५ मध्ये विलिस्टनच्या उत्तरेला ब्लॅकटेल ओढ्याजवळ अशी लाइन गळत असल्याचं लक्षात आलं. आधी अंदाजे ३० लाख गॅलन म्हणत होते, पुढे निघालं ते सुमारे २.९ कोटी गॅलन खारं पाणी. तेल एक वेळ सूक्ष्मजीव खातात, मीठ कोण खाणार?

अर्थात तेलाचंही थोडं नाही. सप्टेंबर २०१३, त्याच भागातल्या टायोगा गावाजवळ एक शेतकरी गहू कापत होता. आधी वास आला, मग कम्बाईनची चाकं तेलाने माखलेली दिसली. खालून जाणाऱ्या पाइपलाइनला बारीक भोक पडलं होतं, २०,००० पिंपांहून जास्त तेल मातीत मुरलं. बाहेरच्या लोकांना हे कळायला आठवड्याहून जास्त गेला. माती खणून काढली, भट्टीत तापवून तेल उडवलं आणि परत भरली. वर्षानुवर्षं तेच काम चाललं होतं. अशा भाजलेल्या मातीला सुपीक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ड्रिलबिट_ह्यूस्टन:
तेलवाला बोलतोय, त्यामुळे दगड जपून मारा.

गळती झाली, लाज वाटावी अशीच झाली. पण हजारो विहिरी असताना दोन गळत्या घेऊन चित्र रंगवू नका. आता एकाच पॅडवरून (खणायला सपाट केलेल्या जागेवरून) आठ-दहा आडव्या विहिरी जातात, शेत कमी अडतं. पाणी आणि तेल पाइपने गेलं की ट्रक कमी होतात, म्हणजे गव्हाणी ज्या धुळीबद्दल लिहितायत ती तेजीच्या पहिल्या वर्षांची.

मंदीबद्दल कुणी नीट बोललंच नाही. जून २०१४ मध्ये भाव पिंपाला १०० डॉलरच्या वर, २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली. राज्यात चालू असलेल्या रिग (विहीर खणायची यंत्रं) १९० च्या आसपास होत्या, त्या ३० च्याही खाली आल्या. पण तेल काही त्या प्रमाणात घटलं नाही, रोजचं १२ लाख पिंपांवरून १० लाखांच्या आसपास आलं, बस. माणसं लागतात ती खणायला; एकदा विहीर चालू झाली की एक पंपर (चालू विहिरींवर लक्ष ठेवणारा माणूस) पिकअपमधून फिरून दिवसात कितीतरी विहिरी बघतो. म्हणून मंदीत तेल चालू राहतं आणि गाव रिकामं होतं.

गव्हाणी:
हाच माझा मुद्दा, ड्रिलबिट! ज्या नोकऱ्यांचं हिशेबनीस कौतुक करतायत त्या खणायच्या नोकऱ्या आहेत. आणि हे तिथे दुसऱ्यांदा झालं. १९८० च्या तेजीत नगरपालिकेने पुढच्या वस्तीसाठी कर्ज काढून रस्ते-गटारं केली, भाव पडला, बिल्डर पळाले, प्लॉटवर गवत वाढलं. कर्ज गावाने पुढे कित्येक वर्षं फेडलं. त्याच सुमारास शेतीकर्जाचंही संकट, म्हणजे दोन्ही पाय एकदम घसरले.

कावेरी_तासगाव:
थोडं अवांतर. तेलाचा भाव पडला की शेतकऱ्याला स्वस्त डिझेल मिळतं असं सगळे म्हणतात, पण ऊसवाल्याला उलटा फटका बसतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली गेला ना, त्याच महिन्यात कच्च्या साखरेचा भाव जगात पाउंडाला १० सेंटच्या खाली आला. तेलाचा भाव पडला की उसापासूनचं इथेनॉल परवडत नाही, मग ब्राझीलचे कारखाने ऊस साखरेकडे वळवतात. डकोटातला रिग बंद पडतो त्याच कारणाने आमच्या सांगलीचा कारखाना निर्यातीत मार खातो. माझा पक्ष कुठलाच नाही, पण ‘तिकडचं तिकडे’ म्हणू नका.

हिशेबनीस:
कावेरीताई, +१.

गव्हाणी, १९८० चा दाखला तुम्हीच दिलात ते बरं झालं. राज्य त्यातूनच शिकलं. २०१० मध्ये लोकांनी मतदान करून लेगसी फंड काढला. २०११ पासून तेल-वायूच्या कराचे ३० टक्के त्यात जातात आणि आज त्यात १० अब्ज डॉलरच्या वर आहेत. हे तेच राज्य जिथे शेतकऱ्यांच्या चळवळीतून १९१९ मध्ये सरकारी बँक उभी राहिली. इतकी अक्कल दाखवणारी सरकारं सांगा बरं चार.

आणि आपल्याकडे? राजस्थानात बाडमेरला तेल निघालं, शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळाला, रॉयल्टी सरकारकडे. डकोटात निदान काही शेतकऱ्यांना तरी दर महिन्याला चेक येतो.

गव्हाणी:
फंड चांगलाच आहे, वाद नाही. पण त्याला जून २०१७ पर्यंत हात लावायचा नाही असा नियम होता. त्याच्या आत, फेब्रुवारी २०१६ मध्ये, सरकारी खात्यांच्या खर्चाला ४.०५ टक्के कात्री लागली. ट्रकांनी उखडलेला रस्ता तालुक्याचा, पैसा राजधानी बिस्मार्कच्या तिजोरीत.

हिशेबनीस:
बजेट सावरायला वेगळी गंगाजळी होती, ती वापरली की! पहिल्याच मंदीत फंड फोडला असता तर तुम्हीच इथे दुसरा धागा काढला असतात.

शिरोळचा_संभा:
ते राहू द्या. त्या ब्लॅकटेलच्या ओढ्याकाठी आता काही पिकतं का, ते सांगा.