मालक न्यू जर्सीत, टीडीएस माझ्या गळ्यात. दहा महिने कापलाच नाही, आता काय?

तिसरा_मजला | २० मार्च २०२५

जून २०२४ पासून एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतोय. भाडं २८ हजार. मालक न्यू जर्सीला असतात, प्रत्यक्ष कधी पाहिलेले नाहीत. एकदा व्हिडिओ कॉलवर गीझर चालतो का विचारलं, तेवढीच ओळख. करारावर सही त्यांच्या धाकट्या भावाची, कुलमुखत्यार म्हणून. भाडं मात्र दर ५ तारखेला मालकांच्या एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं बँक खातं) खात्यात जातं.

घर घेताना एजंटला मी स्वतःहून विचारलं होतं, टीडीएसचं, म्हणजे भाड्यातून कापून सरकारला भरायच्या कराचं, काय? तो म्हणाला, "साहेब, पन्नास हजारांच्या आत आहे, तुम्हाला काही लागत नाही." नेटवर बघितलं, तिथेही पन्नास हजारच लिहिलेलं. विषय संपला.

गेल्या आठवड्यात ऑफिसात एचआरएचे (घरभाडे भत्त्याचे) कागद दिले. अकाउंट्सच्या मॅडमनी पहिल्या पानावरचा मालकांचा पत्ता वाचला आणि विचारलं, "टॅन काढलाय ना?" मला वाटलं पॅन म्हणतायत, म्हटलं हो, सोबत जोडलाय. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच खुर्ची ओढून बसलो.

मग कळलं की टॅन म्हणजे कर कापणाऱ्याने काढायचा वेगळा नंबर, आणि मालक अनिवासी असेल तर पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापायचे असतात. म्हणजे महिना ८,७३६. दहा महिन्यांचे ८७,३६०. माझी बायको म्हणाली, "आपण भाडेकरू आहोत की आयकर खातं?"

भावाला फोन केला. त्यांचं उत्तर: "करार २८ चा आहे, दादाच्या खात्यात २८ पडले पाहिजेत. कर तुम्ही वरून भरा, तो तुमचा विषय." माझं एक लाख डिपॉझिट त्यांच्याकडे आहे, त्यामुळे आवाज चढवायचीही सोय नाही.

मागच्या दहा महिन्यांचं काय करू? आणि एप्रिलपासून काय? वकिली सल्ला नको, कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

गच्चीवरची_टाकी

एवढं कशाला डोक्याला लावून घेता? पुढच्या महिन्यापासून भाडं भावाच्या खात्यात टाका. भाऊ इथला, भाडं पन्नासच्या आत, प्रश्न मिटला. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक हेच करतात.

---

जुना_मुनीम

टाकीसाहेब, निम्मे लोक करतात म्हणून ते चालतं असं नाही. घर कोणाच्या नावावर आहे ते बघतात. भाऊ नुसता मुखत्यार आहे. त्याच्या खात्यात टाकलं तरी उत्पन्न दादाचंच राहतं, वर पुरावा मात्र भलत्याच नावाचा.

मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि निवृत्तीनंतर मुलाच्या भाड्याच्या घराच्या बाबतीत याच खड्ड्यात पडलो, म्हणून सविस्तर लिहितो. कलमं आणि फॉर्म आजच्या, म्हणजे मार्च २०२५ च्या कायद्याप्रमाणे.

पन्नास हजारांची मर्यादा कलम १९४-आयबीची. ती मालक निवासी असेल तरच. तिथे दर आधी ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झाला, आणि पॅनवर फॉर्म २६क्यूसी भरला की काम होतं. अनिवासी मालकाला कलम १९५ लागतं. त्यात खालची मर्यादा नाही, ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, आणि टॅन काढावाच लागतो. एजंट तुमच्याशी खोटं बोलला नाही, त्याला कायद्याचं अर्धंच पान माहीत होतं. आणि पासपोर्ट भारतीय आहे म्हणून सुटका नाही. वर्षात किती दिवस माणूस इथे राहिला त्यावर निवासी-अनिवासी ठरतं.

आता भावाच्या "वरून भरा" बद्दल. हे चुकूनही लेखी मान्य करू नका. कर भाडेकरूने सोसायचा असं ठरलं तर कलम १९५ए लागतं, म्हणजे २८ हजार ही कर कापून उरलेली रक्कम धरतात. मग मूळ भाडं ४०,६९८ आणि कर १२,६९८ होतो. तुमच्या करारात तसं काही नसेल तर भाडं २८ हजार, त्यातून ८,७३६ सरकारला, १९,२६४ मालकाला. हा कर मालकाच्याच नावावर जमा होतो, त्यात तुमची मेहेरबानी नाही आणि त्यांचं नुकसानही नाही.

मागच्या दहा महिन्यांसाठी घाईघाईने चलन भरून २७क्यू रिटर्न (अनिवासीच्या कपातीचा तिमाही हिशेब) टाकायला पळू नका. मी पळालो होतो. रिटर्नच्या उशिराला दिवसाला २०० रुपये फी असते, कमाल मर्यादा त्या तिमाहीच्या कराइतकी. तुमच्या आकड्यांवर आज भरलं तर पहिल्या तिमाहीचे ८,७३६, दुसरीचे २६,२०८, तिसरीचे ९,८००. म्हणजे ४४,७४४ नुसती फी, आणि ती कोणी परत देत नाही.

यापेक्षा बरी वाट फॉर्म २६ए ची. मालकाने हे भाडं दाखवून स्वतःचं विवरणपत्र भरलं, निघेल तो कर भरला आणि सीएने तसा दाखला दिला, तर न कापलेल्या कराची रक्कम तुमच्याकडून मागत नाहीत. पूर्वी ही सवलत फक्त निवासी मालकाच्या बाबतीत होती, २०१९ पासून अनिवासीलाही लागू आहे. दरमहा १ टक्का व्याज मात्र मालक विवरणपत्र भरेल त्या दिवसापर्यंत तुम्हालाच. जुलैत भरलं तर साधारण ८,३०० रुपये. टोचेल, पण ८७ हजारांपुढे बरं. कापलंच नाही म्हणून त्या महिन्यांचं २७क्यू नाही, म्हणून ती फीही नाही. तरी आधी सीएला कागद दाखवा.

आणि मालकाला घाबरण्याचं कारण नाही हे त्यांना कोणीतरी सांगा. दहा महिन्यांचं भाडं २,८०,०००. घरपट्टी समजा ९ हजार भरली, उरले २,७१,०००. त्यातून सरसकट ३० टक्के वजावट, उरले १,८९,७००. इथे त्यांचं दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य!

एप्रिलपासून: टॅनसाठी ४९बी, भाडं देतानाच कपात, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरणा (मार्चची कपात असेल तर ३० एप्रिल), दर तिमाहीला २७क्यू, मग मालकाला फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला. पैसे अनिवासीला जातात हे कळवणारा फॉर्म १५सीए सुद्धा. वर्षाला पाच लाखांच्या आत असल्याने त्याचा छोटा भाग पुरतो.

---

एनआरओवाला

मी पलीकडच्या बाजूचा. परदेशात राहतो, इथे एक घर भाड्याने दिलंय, त्यामुळे शिव्या कमी घाला.

मुनीमकाकांचा हिशेब बरोबर आहे, पण मालकाच्या हाती लागतं ते असं: कर शून्य, तरी दर महिन्याला भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो आणि परतावा पुढच्या वर्षी. तेवढ्यात सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार? यावर इलाज मालकाकडेच आहे. कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून कमी दराचं प्रमाणपत्र घ्यायचं. ते कापणाऱ्याच्या टॅनवर आणि त्या आर्थिक वर्षापुरतं निघतं. म्हणून तिसरा मजला, तुमचा टॅन आधी लागेल. मालकांना सांगताना "मला कापावं लागेल" असं सुरू करू नका, "माझा टॅन घ्या आणि कमी दर मिळवा" असं सुरू करा. माझ्या भाडेकरूने असंच केलं, नाहीतर मीही त्याला भावासारखंच उत्तर दिलं असतं.

दुहेरी कर करारावर मालक भरवसा ठेवत असतील तर सांगा, भाड्याला त्याचा उपयोग नाही. घर जिथे, तिथे कर. अमेरिकेत हेच भाडं दाखवायचं आणि इथे भरलेल्या कराचं श्रेय घ्यायचं.

खरी गंमत वेगळीच. आमची जमीन कूळकायद्यात कसणाऱ्या कुळाकडे गेली, १ एप्रिल १९५७ ची गोष्ट घरात अजून सांगतात. त्यामुळे वडिलांचा दंडक: घर रिकामं राहिलं तरी चालेल, कोणाला आत घ्यायचं नाही. सहा वर्षं कुलूप होतं. त्या सहा वर्षांत मला एक रुपया आयकर नाही, एक फॉर्म नाही. घर दिलं आणि कागदांचा ढीग सुरू झाला. दोन घरांपर्यंत कुलूप लावून ठेवा, उत्पन्न शून्य धरतात. त्याच्या अटीही काढून टाकायचा प्रस्ताव २०२५ च्या अर्थसंकल्पात आला. रिकामी घरं एवढी का दिसतात, असं कोणी विचारलं की मला हे आठवतं.

---

तिसरा_मजला | २३ मार्च २०२५

सगळ्यांचे आभार. काल भावाला वगळून थेट मालकांना मेल केला. एनआरओवाल्यांनी सांगितलं तसं टॅनपासून सुरुवात केली, मुनीमकाकांचा १,८९,७०० चा हिशेब खाली जोडला. दोन तासांत फोन आला. त्यांना हे काहीच माहीत नव्हतं, भावाने "भाडेकरू कटकट करतोय" एवढंच कळवलं होतं. विवरणपत्र गेली चार वर्षं भरलेलंच नाही म्हणाले, यंदा भरतो म्हणाले. व्याजाचे ८,३०० मात्र निम्मे-निम्मे करू म्हणाले. मी हो म्हटलं, बायको अजून म्हणायची आहे.

४९बी भरायला बसलोय. मुनीमकाका, प्रकार "वैयक्तिक" निवडायचा ना? आणि पत्ता हाच फ्लॅटचा दिला तर चालेल का, उद्या घर बदललं तर?

---

जुना_मुनीम

वैयक्तिकच. पत्ता हाच द्या, नंतर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. टॅन तुमचा असतो, घराचा नव्हे. आणि मालकांचं चार वर्षांचं ते वाक्य मेलवर मागू नका, सीएला तोंडी सांगा.