मदत हवी आहे: संदर्भातला मजकूर स्वतःच्या शब्दांत कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. एम.ए.चा लघुप्रबंध हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर, लिहितेय. काल मॅडमनी दुसरं प्रकरण परत दिलं. एका परिच्छेदाभोवती लाल पेनाने गोल, शेजारी शेरा: ‘शब्द बदललेत, वाक्य तेच.’ खरंच होतं ते. पुस्तक शेजारी उघडं ठेवून मी ‘भूमिगत’चं ‘जमिनीखालचं’ केलं, ‘साठवणूक’ची ‘साठवण’ केली आणि तळटीप दिलीय म्हणून निर्धास्त राहिले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण मला टक्के वाचवायचे नाहीत, नीट शिकायचंय.

आता पुस्तक मिटून लिहिते, मग नावं-आकडे ताडून बघते. तरी अडतं. पेवाचं तोंड अरुंद, पोट रुंद, हे सगळ्यांनीच लिहिलंय. त्यात मी वेगळं काय मांडू? अशा माहितीलाही संदर्भ द्यायचा का? आणि पेवात उतरलेल्या एका आजोबांची मुलाखत आहे. त्यांची बोली प्रमाण मराठीत आणली की जीवच जातो तिचा. ती अवतरणात जशीच्या तशी ठेवू का? एका परिच्छेदात तीन पुस्तकं आली तर तळटीप प्रत्येक वाक्याला की शेवटी एकच?

कुणी आपला एखादा परिच्छेद, मूळ मजकुरासकट, दाखवला तर फार मदत होईल. सोमवारी प्रकरण पुन्हा द्यायचंय.