मदत हवी: पंचम (प हा सूर) नसलेला राग कुठला? आज रात्री ९ च्या आत

खानापूरचा_पाहुणा (दुपारी ४.१०)
आमच्या ग्रुपवर दर रविवारी संगीतकोडी असतात. आठातली सात सुटली, एकच अडलंय. वाईट वाजवणाऱ्यालाही ज्यात पंचम मिळत नाही असा राग कुठला? मालकंस पाठवला, चूक म्हणून परत आला. आता एकच संधी उरलीय. गूगल करून झालंय, ते सांगू नका. लवकर सांगा.

टिळकवाडी_कट्टा (४.१८)
पंचम वर्ज्य असलेले राग ढीगभर आहेत की ओ. मालकंस, चंद्रकंस, हिंडोल, ललित, मारवा, पूरिया, सोहनी, गुजरी तोडी. त्यातला कुठला म्हणून सांगायचं? अक्षरं किती?

निपाणीचा_तंबोरा (४.२५)
या रागांना तंबोऱ्याची पहिली तार पंचमात ठेवायची नसते, हे आधी लक्षात घ्या. मालकंसाला मध्यमात (म) लावा, मारव्याला निषादात (नि). हल्ली पोरं मोबाईलवर पंचमाचा तंबोरा सुरू करतात आणि त्यावर मालकंस गातात. ऐकवत नाही.

खानापूरचा_पाहुणा (४.३१)
काका, तंबोरा लावायचा नाहीय, उत्तर पाठवायचंय. अक्षरं ३. कंसात लिहिलंय.

टिळकवाडी_कट्टा (४.३३)
हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि मालकंस चार अक्षरांचा, तो पाठवलास कसा?

खानापूरचा_पाहुणा (४.३४)
गडबडीत.

शहापूरची_अक्का (४.५०)
सोहनी लिही आणि मोकळा हो. नवशिक्याच्या हातात पेटी दिली की तो तारसप्तकातच, म्हणजे वरच्या सुरांतच, घुटमळतो, आणि सोहनीचा सगळा जीव तिथंच. वाईट वाजवणारा म्हणजे तोच.

धारवाड_रिटर्न (५.०२)
अक्का, हे काय गणित? सोहनी, पूरिया, मारवा तिघांचे सूर तेच: कोमल रे, तीव्र म, बाकी शुद्ध, पंचम गायब. भेद चालीत. मारवा रे आणि ध वर बसतो, सा ला पटकन भेटत नाही. पूरिया मंद्रात, खालच्या सुरांत, रमतो, त्याचे ग आणि नि ठळक. नुसत्या पंचमावरून तिघांतला एक निवडणं म्हणजे जुळ्यांना बुटांवरून ओळखणं. माझं मत विचाराल तर पूरिया, कारण तो वाईट वाजवला की मारवा होतो.

शहापूरची_अक्का (५.०९)
मारवा वाईट वाजवला की पूरिया होतो. उलटं सांगू नका.

धारवाड_रिटर्न (५.११)
दोन्ही होतात ओ. आमीर खाँसाहेबांची ती तबकडी ऐका, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मग बोलू.

चिकोडी_७७ (५.२०)
शेजारच्या कन्नड सरांना विचारलं. त्यांचं शिक्षण कर्नाटकी. ते म्हणाले हंसानंदी. त्यांच्याकडे ५३ वा मेळ (आपल्या थाटासारखा) गमनश्रम, त्यातला पंचम काढला की हंसानंदी, आपल्या सोहनीच्या जवळचा. लिहून टाक.

टिळकवाडी_कट्टा (५.२२)
चार अक्षरं. कोणी मोजतंय का इथं?

सुळेभावी_स्टेशन (५.३०)
कोडं घालणारा आपल्या भागातला असेल तर उत्तर कुमार गंधर्वांच्या रागांत शोधा. १९२४ साली आमच्या गावात जन्म. लोक देवास देवास करतात, सुळेभावी कुणी म्हणत नाही. गांधी मल्हार लावून बघा.

टिळकवाडी_कट्टा (५.३३)
गांधी मल्हारात अक्षरं किती, तूच सांग. पाहुण्या, कोडं जसंच्या तसं इथं डकव. तुझ्या शब्दांत नको.

खानापूरचा_पाहुणा (५.३६)
अर्थ तोच आहे की. वाईट वाजवणारा, पंचम नाही.

टिळकवाडी_कट्टा (५.३७)
गूढ कोड्यात अर्थ म्हणजे भूल. एकेक अक्षर हवं. टाक.

खानापूरचा_पाहुणा (५.४८)
घ्या. "सुमार वाजवलं तरी पंचम सापडायचा नाही. (३)"

टिळकवाडी_कट्टा (५.४९)
अरे देवा. "सुमार वाजवलं". मधली जागा काढ आणि वाच. उत्तर वाक्याच्या पोटात बसलंय, आणि तू "सुमार"चं "वाईट" करून त्याचा गळा कापलास. दीड तास आम्ही तुझ्या भाषांतराशी भांडतोय.

धारवाड_रिटर्न (५.५५)
मारवा! आणि बाहेर ऊन उतरायलंय, वेळही त्याचीच. काढणारा तयार आहे.

खानापूरचा_पाहुणा (६.०४)
पाठवलं. बरोबर आलं!! आठपैकी आठ. कट्टादादा, थँक्यू.

शहापूरची_अक्का (६.१०)
पंचम सोहनीतही सापडत नाही. ग्रुपवाल्यांना विचार, अर्धे गुण देतात का.

चिकोडी_७७ (६.१२)
सर विचारताहेत, मारवा म्हणजे हंसानंदीच ना?

टिळकवाडी_कट्टा (६.१५)
नाही. आता बसल्या बसल्या माझ्याकडून एक घ्या. "का मोदक उरले नाहीत? दोन्ही मध्यमांना विचारा. (३)" अक्षरं मोजून मग बोला. अक्का, सोहनी नाही.

शहापूरची_अक्का (६.२१)
मी काही म्हटलं का? आमच्यात मोदकांपेक्षा मांडे बरे. दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र, म्हणजे केदार.

धारवाड_रिटर्न (६.२३)
हमीर. छायानटही चालेल, पण तो चार.

सुळेभावी_स्टेशन (६.२४)
कुमारजींनी मोदकांवर काही केलं नव्हतं बहुतेक.

निपाणीचा_तंबोरा (६.३०)
याला मात्र पहिली तार पंचमातच ठेवा. कामोदाची ओळखच रे वरून प वर जाण्यात आहे, मध्यमाच्या तंबोऱ्यावर ती खुलत नाही. मोदकांचं मला माहीत नाही.