मदत हवी आहे: अर्ज नंबरच घेत नाही, परवा शेवटची तारीख!

घाटंजीचा_गडी: तीन दिवसांपासून त्या सरकारी अर्जावर अडकलोय. नंबर टाकला की 'अवैध' येतं. कॅफेवाल्यानंही टाकून पाहिला. परवा शेवटची तारीख. कुणी भरलाय का हा अर्ज? फालतू चर्चा नको, फक्त उपाय सांगा.

पऱ्हाटी: कोणता अर्ज? कोणता नंबर? काही तं सांग भाऊ.

घाटंजीचा_गडी: नवीन यंत्र बनवणाऱ्याला २० लाख देतात, तोच. सगळ्यांना माहीत आहे.

आर्वीचे_भाऊसाहेब: यंत्र म्हणजे ड्रोनच ना? मग नमो ड्रोन दीदी बघा. महिला बचत गटाला किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख. सूनबाईचा गट असेल तर काम झालंच समजा.

घाटंजीचा_गडी: ड्रोन नाही हो. बोंडअळीच्या कामगंध सापळ्यावर, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यावर, कॅमेरा बसवला आहे. पतंग मोजतो आणि सलग तीन दिवस आठ-आठ सापडले की मोबाइलवर मेसेज येतो. माझ्या अन् काकाच्या वावरात दोन हंगाम चालला.

पऱ्हाटी: हे पहिले सांगाचं ना राजा! २०१७ च्या बोंडअळीनं आमची सारी पऱ्हाटी नेली. सापळे तं लावतेत, पण रोज मोजाले कोण जाते? पावसात कॅमेऱ्यावर पाणी नाही का चढत? ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, किती दिवसांनी बदलतो?

माजी_प्रयोगशाळावाला: आधी टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान किती तयार झालं त्याची पायरी, ठरवा. एक ते नऊ पायऱ्या असतात. दोनच वावरं म्हणजे फार तर पाच. सात लिहिलं तर परीक्षक फाडून खातील.

वणीची_इंजिनीअर: पाच काऊन? प्रत्यक्ष शेतात दोन हंगाम चाललं, सहा तरी लिहाच. आमचे लोक स्वतःला कमीच लेखतात.

माजी_प्रयोगशाळावाला: ताई, काका म्हणजे ग्राहक नव्हे.

घाटंजीचा_गडी: टीआरएल कुणी विचारला?? नंबर घेत नाही हा प्रश्न आहे.

वणीची_इंजिनीअर: कुठला नंबर टाकताय, ते एकदा सांगा तरी.

घाटंजीचा_गडी: उद्यमचा. दुसरा कोणता असतो?

वणीची_इंजिनीअर: इथंच घोळ आहे. तुम्ही म्हणताय ती २० लाखवाली स्टार्टअप इंडिया सीड फंड. २०२१ ची योजना. तिला डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यता लागते. उद्यम म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, ती इथं चालत नाही. कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की एकट्याच्या नावावर?

घाटंजीचा_गडी: एकट्याच्या. 'साई कृषी' म्हणून पाटी आहे.

वणीची_इंजिनीअर: मग ती मान्यताच मिळणार नाही. कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते आणि सीड फंडसाठी ती दोन वर्षांपेक्षा जुनी नको. तुमच्यासाठी केंद्राची निधी-प्रयास योजना बरी. कंपनी नसली तरी एकट्या माणसाला नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. अर्ज प्रयास केंद्राकडे करायचा.

आर्वीचे_भाऊसाहेब: दहा-वीस लाखांनी काय होते हो? अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं २००४ मध्ये वाळवंटात बिनचालक गाड्यांची शर्यत लावली होती, बक्षीस १० लाख डॉलर. एकही गाडी पोचली नाही, सर्वात पुढची जेमतेम १२ किलोमीटर. तरी पुढच्या वर्षी बक्षीस २० लाख केलं अन् पाच गाड्या पोचल्या! आपल्याकडे एकदा फसलं की फाइल बंद.

पऱ्हाटी: भाऊसाहेब, तुमचं वावर कुठं अन् अमेरिकेचं वाळवंट कुठं!

माजी_प्रयोगशाळावाला: अर्जाआधी एक काम करा. सापळ्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला असेल तर पेटंटला अडचण येते. पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी टाका, ऑनलाइन १६०० रुपये. मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

घाटंजीचा_गडी: व्हिडिओ टाकलाय. पुतण्यानं. चार हजार लोकांनी पाहिला.

माजी_प्रयोगशाळावाला: अरे देवा.

वणीची_इंजिनीअर: आणि परवा शेवटची तारीख हे कुठून कळलं?

घाटंजीचा_गडी: व्हॉट्सॲपवर आलं होतं. गटावर. आता पाहतो तर खाली गेल्या वर्षाची तारीख दिसते.

पऱ्हाटी: ल्यूरचं सांग ना भाऊ.