हेमाडपंती मंदिराला टाइल्स आणि ऑइल पेंट : याला जीर्णोद्धार म्हणायचं का?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)
आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं. गावात महादेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, सरकारच्या कुठल्याच यादीत नसलेलं. गेल्या महिन्यात पारावर बैठक झाली आणि ठरलं : गाभाऱ्याला टाइल्स, खांबांना ऑइल पेंट, छतावर सिमेंटचा जाड थर, त्यावर नवं शिखर. वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आली. मी वर्गणी द्यायला तयार आहे, पण या कामाला नाही.

शेजारच्या गावात हेच काम झालं, ते मी जवळून पाहिलंय. खांबांच्या माथ्यावर छताचा भार पेलणारे यक्ष आहेत, पोट सुटलेले, हात वर केलेले. आधी त्यांच्या कुंडलातला मणी न् मणी वेगळा दिसायचा. आता तिथे पिवळा ठिपका आहे. बोटांच्या फटी रंगानं बुजल्या आहेत, हात लावला तर लोखंडी कपाटाला हात लावल्यासारखं वाटतं. दोन पावसाळ्यांत त्या रंगाचे पोपडे निघाले. आता ते मशीननं घासून पुन्हा रंगवायचं म्हणतात. घासताना नाक-डोळे किती उरतील, तुम्हीच सांगा.

वऱ्हाडातल्या गावोगावी हेच चाललंय. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी.

सोयाबीनवाला
काऊन हो भाऊ, मंदिर तुमाले पाह्याले पायजे का देव पुजाले? आमच्या गावातबी असंच जुनं मंदिर हाय. पाऊस आला का पिंडीवर टपटप गळे. आतमंदी वटवाघळं. म्हाताऱ्या बाया उंबऱ्यातूनच हात जोडून परत जात. आमी पंधरा वर्सांआधी वर्गणी केली, अंगणात कोबा टाकला, आत फरशी बसवली, रंग देल्ला. आता सोमवारी पाय ठेवाले जागा नसते. सरकारचा एक रुपया नाई. सोयाबीनले भाव नाई तरी लोकायनं पैसे देल्ले. त्यायच्या श्रद्धेले नावं ठेवू नका.

पैनगंगाकाठ
दादा, श्रद्धेला नावं ठेवत नाही. मी पण त्याच महादेवाला बेल वाहतो. गळती थांबलीच पाहिजे, वटवाघळं गेलीच पाहिजेत. भांडण आहे ते कसं थांबवायचं यावर.

चुन्याची घाणी
मी गवंडीकाम करणाऱ्या घरातला आहे, दहा वर्षं जुन्या वाड्यांच्या आणि मंदिरांच्या दुरुस्तीवर काम केलंय. थोडं सविस्तर लिहितो.

ही मंदिरं बहुतेक कोरड्या जोडाची. दगडात खाच, वरच्या दगडाला त्या खाचेत बसणारी कूस, आणि वजनावर वजन. मध्ये चुना नाही की माती नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. पाया दरवर्षी थोडा हलतो आणि कोरडा जोड ते सहन करतो. तुम्ही सांध्यांत सिमेंट भरलं की ती हालचाल अडते, मग सांधा धरून राहतो आणि दगडच तडकतो. वर सिमेंटचा थर आणि शिखर म्हणजे ज्या तुळयांवर आधीच तडे आहेत त्यांच्यावर काही टनांचा नवा बोजा.

गळतीचं कारण बहुतेक वेळा छतावर उगवलेला पिंपळ. मूळ सांध्यात शिरतं आणि दगड सरकवतं. वरून छाटला की तो दुप्पट जोमानं फुटतो. मूळ मारून, वाळवून काढायचं, सरकलेला दगड जागी बसवायचा, वरचा सांधा चुन्यानं बंद करायचा. चुना महिनाभर भिजवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालायचं. थांबावं लागतं. सिमेंटला थांबावं लागत नाही, म्हणून सगळे सिमेंट घेतात.

आणि टाइल्सबद्दल. अंगणात भर घालून फरशी केली की अंगण चार-सहा इंच वर येतं. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी ज्या गोमुखातून उत्तरेला बाहेर पडतं, ते बुजतं. मग पाणी जोत्यात मुरतं आणि भिंत खालून ओली राहते. लोक म्हणतात मंदिर जुनं झालं. मंदिराला आपणच पाण्यात बसवलेलं असतं.

गढीखालची
तुम्ही सगळे मंदिरावर बोलताय, मी वेगळं सांगते. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, घर देशमुखांच्या गढीच्या पायथ्याशी. गढीची पांढरी माती लोकांनी वर्षानुवर्षं शेतात टाकायला खणून नेली, बुरूज खालून पोकळ झालाय. आषाढात रात्री मातीचा ढेकूळ पत्र्यावर पडला की आई लेकरांना घेऊन पुढच्या खोलीत झोपायची. अजूनही झोपते. तिला जाऊन सांगा, वारसा जपा. कललेली बाजू उतरवून टाका, हेच माझं म्हणणं. प्रत्येक जुनी भिंत वाचलीच पाहिजे असं नाही.

पैनगंगाकाठ
ताई, तुमचं बरोबर आहे. घरावर येणारा भाग उतरवलाच पाहिजे, त्यात वाद नाही. एकच विनंती : उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि मापं घेऊन ठेवा.

सातबारा
माझा विरोध दुसऱ्या कारणासाठी. जतनाचं बोललं की उद्या पुरातत्त्व खातं येणार, निळा फलक लावणार आणि गाव अडकणार. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीशिवाय हलता येत नाही. आमच्याकडची गावठाणं मंदिराला चिकटून. घरकुल मंजूर होऊनही माणसानं कुडाच्या घरात राहायचं का? शिवाय संरक्षित झालं की काम होतंच असंही नाही. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळाचं काम किती वर्षं रखडलं, गडचिरोलीकरांना विचारा.

ताम्रपट
शंभर मीटरच्या आत दुरुस्तीला परवानगी मिळते, पण ती मिळवताना माणूस थकतो हे खरं. म्हणूनच यादीत नसलेल्या मंदिरांचं काम गावानंच नीट करणं महत्त्वाचं. पुरातत्त्व खात्याचं केंद्राचं आणि राज्याचं, दोन्ही कार्यालयं नागपूरला आहेत. सल्ला मागायला यादीत असावं लागत नाही.

आणि एक. आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. बार्शीटाकळीच्या कालिका मंदिरातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा. हेमाद्रीच्या कितीतरी आधीचा. तो दगडावर वाचता येतो म्हणून हे कळलं. कुणी त्यावर ऑइल पेंटचे तीन हात दिले असते तर? तुमच्या गावच्या मंदिरात एखादी ओळ कोरलेली नाही, हे तुम्ही तपासलंय का?

अभिषेक
मूळ धाग्याशी मी असहमत. मंदिर हे वस्तुसंग्रहालय नाही. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे आणि प्रत्येक पिढीनं आपल्या पद्धतीनं ते केलं. अहिल्यादेवींनी देशभर मंदिरं उभी केली, तेव्हा 'मूळ रूप बिघडेल' असं कुणी अडवलं नाही. जुन्या दगडी मंदिरांवर मराठा काळातली विटांची शिखरं दिसतात, ती तुम्ही कौतुकानं बघता. मग आजची फरशी का नको?

पैनगंगाकाठ
अहिल्यादेवींचं काम दगड आणि चुना जाणणाऱ्या कारागिरांनी केलं, म्हणून ते आज उभं आहे. आपण देतो ते घरं बांधणाऱ्या ठेकेदाराला, चौरस फुटाच्या दरानं. आणि आजच्या पिढीचंच उदाहरण घ्या. पंढरपुरात २०२४ मध्ये विठ्ठलाच्या गाभाऱ्यातली चांदी आणि ग्रॅनाइट काढून जुना दगड बाहेर आणला. वारकऱ्यांची गर्दी कमी झाली का? ज्या टाइल्स आपण आज लावतोय, त्या तिथे काढाव्या लागल्या.

अभिषेक
पंढरपूरला निधी होता. गावाला कोण देणार?

चुन्याची घाणी
पिंपळ काढणं, गोमुख मोकळं करणं, छतावरची माती झाडणं, याला टाइल्सच्या खर्चाचा छोटा हिस्सा लागतो. तेवढं करून एक पावसाळा बघा. बऱ्याच ठिकाणी गळती निम्म्यावर येते. मग उरलेल्या पैशाचं ठरवा.

सोयाबीनवाला
घाणीवाल्या भाऊंचं वाचून काल सांजच्याला देवळात जाऊन आलो. उत्तरेकडून पाह्यलं. गोमुखाचा वरचा ओठ दिसते, खालचं सारं आमच्याच कोब्याखाली गेलं. भिंतीले हात लावला तं गार, ओली, न् पाऊस नाई यायले महिना झाला. फरशी काढाले लोक तयार होनार नाईत, मीबी नाई. म्हातारी मानसं हायेत. पन गोमुखापुरता कोबा फोडाचा असन तं छिन्नी-हातोडा चालते का मशीन लावाव?

चुन्याची घाणी
मशीन अजिबात लावू नका दादा, हादऱ्यानं जोड हलतो. छिन्नीनंच, गोमुखापासून दोन फूट लांबून सुरू करा आणि हळूहळू जवळ या. पाणी बाहेर नेणारी नाली उतारानं काढा, भिंतीपासून दूर. फोडायच्या आधी फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.