बीगलबोनवर सीएच३४१ मॉड्यूल चढत नाही, व्हर्जन मॅजिक जुळत नाही म्हणतो

चाळकरी

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची घरची कांदाचाळ आहे. तिथलं तापमान आणि आर्द्रता बघायला दोन बीगलबोन ब्लॅक (लिनक्सवर चालणारे छोटे संगणक-बोर्ड) लावतोय. सेन्सर आरएस४८५ च्या तारेवर, मॉडबस भाषेत बोलतात, वेग ९६०० बॉड. यूएसबीच्या कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० चिप आहे, लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर म्हणजे सीएच३४१ हे मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, लागेल तसा जोडायचा तुकडा).

पहिला बोर्ड ४ जीबी ईएमएमसीचा (बोर्डावरची स्टोरेज). त्यावर तयार डेबियन १० आहे, कर्नल ४.१९.९४-टीआय-आर४२. कन्व्हर्टर खोचला की टीटीवाययूएसबी० हा सीरियल पोर्ट आपोआप येतो.

दुसरा बोर्ड जुना, २ जीबीवाला. जागा पुरेना म्हणून लॅपटॉपवर ४.१९.९४ चा मूळ सोर्स गिटवरून घेतला, मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) नको ते काढलं आणि कर्नल कंपाइल केला. झेडइमेज (कर्नलची फाइल) आणि डीटीबी (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन, डिव्हाइस ट्री) बूटमध्ये टाकल्यावर बोर्ड छान सुरू झाला, नेटवर्कही आलं. पण कन्व्हर्टर खोचला तर एलएसयूएसबीमध्ये १ए८६:७५२३ हा त्याचा ओळख क्रमांक दिसतो आणि पुढे काहीच होत नाही. मॉड्यूल चढवायला मॉडप्रोब सीएच३४१ केलं तर /लिब/मॉड्यूल्स/४.१९.९४ मध्ये मॉड्यूल सापडत नाही म्हणतो. बघितलं तर ती डिरेक्टरीच नाही.

मग पहिल्या बोर्डावरची सीएच३४१ ची फाइल उचलून आणली आणि इन्समॉडने थेट ती फाइल चढवायला गेलो. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) व्हर्जन मॅजिकची, म्हणजे मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलंय त्या खुणेची ओळ आहे, एका बाजूला ४.१९.९४-टीआय-आर४२ आणि दुसऱ्या बाजूला नुसतं ४.१९.९४. दोन्ही ४.१९.९४ च आहेत ना, मग अडतंय कुठे? कांदा चाळीत भरून झालाय, मृग लागायच्या आत दोन्ही बोर्ड चालू हवेत.

पाना_पक्कड

इन्समॉडला -एफ लावून बघा. व्हर्जनची तपासणी सोडून देतो तो. माझं एकदा चाललं होतं.

सोल्डरवाला

चाळकरी दादा, -एफ लावू नका, हात जोडून सांगतो. एका दूध संकलन केंद्रावरच्या बोर्डात मी स्वतः हे केलंय. मॉड्यूल चढलं, रात्रभर चाललं, आणि पहाटे दूध घालायला लोक रांगेत उभे असताना बोर्डाने कर्नल पॅनिक दिला, म्हणजे कर्नलच कोसळला. उठवला तर कार्डावरची फाइलसिस्टीम दुरुस्त करत बसावं लागलं. त्या दिवशीचं दूध वहीत लिहून घेतलं लोकांनी.

कारण असं आहे. मॉड्यूल हा वेगळा प्रोग्रॅम नाही, तो कर्नलच्या पोटात जाऊन बसतो. कर्नलची स्ट्रक्चर्स तो थेट मेमरीतल्या जागेवरून वाचतो. कॉन्फिगमधला एखादा पर्याय बदलला की स्ट्रक्चरमधली फील्ड पुढे-मागे सरकतात. पहिल्या बोर्डाच्या कर्नलमध्ये टीआयचे पॅच आहेत, कॉन्फिग वेगळं आहे, तिथे मॉडव्हर्जन्स (मॉड्यूल जुळतं का हे आणखी बारकाईने तपासणारा पर्याय) चालू आहे. आकडा सारखा दिसला तरी आतली मांडणी वेगळी. व्हर्जन मॅजिक तेवढ्यासाठीच अडवतो, त्याचं ऐका.

तुमची खरी चूक आधीची आहे. झेडइमेज नेलीत, मॉड्यूल नेलीच नाहीत. ही जोडी आहे, एकाच बिल्डमधून निघालेली दोन्ही एकत्रच न्यायची.

ज्या डिरेक्टरीत कर्नल बांधलात तिथेच परत जा. तोच सोर्स, तेच कॉन्फिग, तोच क्रॉस कंपायलर (लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी कंपाइल करणारा). मेन्यूकॉन्फिगमध्ये डिव्हाइस ड्रायव्हर्स, यूएसबी सपोर्ट, त्यात यूएसबी सीरियल कन्व्हर्टर सपोर्ट, आणि त्याच्या पोटात विंचिपहेड सीएच३४१. दोन्हींवर एम, म्हणजे मॉड्यूल म्हणून. मग मेक झेडइमेज, मेक मॉड्यूल्स.

आता मॉड्यूल्स इन्स्टॉलची पायरी, इथे जपून. इन्स्टॉल मॉड पाथ देऊन ती लॅपटॉपवरच्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये काढा. पाथ द्यायला विसरलात आणि सुडो लावलंत तर सगळं लॅपटॉपच्याच /लिब/मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतं. इन्स्टॉल मॉड स्ट्रिप = १ सुद्धा द्या. डीबगची माहिती निघून जाते आणि फाइली बऱ्याच लहान होतात, २ जीबीच्या बोर्डावर हे महत्त्वाचं.

कॉपी करण्याआधी त्या फोल्डरमध्ये आत जाऊन बघा. ४.१९.९४ च्या आत 'बिल्ड' आणि 'सोर्स' अशा दोन लिंक असतात, त्या लॅपटॉपवरच्या अख्ख्या सोर्सकडे बोट दाखवतात. एससीपी -आर (नेटवर्कवरून फोल्डर कॉपी करणारी कमांड) त्या लिंकमागे जातो आणि पूर्ण कर्नल सोर्स बोर्डावर ओतायला लागतो. ईएमएमसी भरून जाते आणि कळत नाही काय झालं. दोन्ही लिंक आधी उडवा, नाहीतर टार करून न्या.

बोर्डावर नवी झेडइमेज, डीटीबी आणि मॉड्यूल एकदमच टाका, रीबूट करा, डीपमॉड -ए चालवा (कुठल्या मॉड्यूलला काय लागतं त्याची यादी करतो) आणि मग मॉडप्रोब सीएच३४१. इन्समॉड नको, कारण सीएच३४१ ला आधी यूएसबीसीरियल लागतं. इन्समॉड ते आणून देत नाही, 'अननोन सिंबल' म्हणून परत फिरतो. मॉडप्रोब डीपमॉडने केलेली यादी बघून दोन्ही ओळीने चढवतो.

चाळकरी

सोल्डरवाला भाऊ, लिंकचं सांगितलंत ते फार बरं केलंत, मी एससीपीच करणार होतो.

एक अडचण आली. घाई म्हणून फक्त मॉड्यूल नेली, झेडइमेज जुनीच ठेवली. परत व्हर्जन मॅजिक. यावेळी मॉड्यूलच्या बाजूला शेपटीत -डर्टी लिहिलेलं आहे. युनेम -आर (चालू कर्नलचं व्हर्जन) मात्र ४.१९.९४ च दाखवतोय.

सोल्डरवाला

पहिल्या बिल्डनंतर सोर्समध्ये कुठली फाइल बदललीत का? डिव्हाइस ट्री वगैरे? सोर्स गिटचा आहे आणि लोकल व्हर्जन ऑटो (गिटची अवस्था व्हर्जनच्या नावाला जोडणारा पर्याय) चालू आहे, त्यामुळे कमिट न केलेला बदल दिसला की नावाला डर्टी चिकटतं. बदल कमिट करा किंवा परत फिरवा, लोकल व्हर्जन ऑटो बंद करा, पुन्हा बिल्ड करा. आणि दादा, यावेळी झेडइमेजसकट न्या.

पाना_पक्कड

-एफचं माझं मागे घेतो. आणखी एक, लॅपटॉपवर उबंटू २२.०४ असेल आणि हाच कन्व्हर्टर तिथे लावून तपासणार असाल, तर बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज १ए८६:७५२३ स्वतःचं समजून पोर्ट ओढून घेतं. ते वापरत नसाल तर काढून टाका.

चाळकरी

डिव्हाइस ट्रीमध्येच हात घातला होता, एक यूआर्ट (बोर्डावरचा सीरियल पोर्ट) चालू करायला. कमिट केला, लोकल व्हर्जन ऑटो बंद केलं, जोडी एकत्र नेली. एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूलची यादी) सीएच३४१ आणि यूएसबीसीरियल दोन्ही आहेत. डीमेसेजमध्ये ओळ आली की कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० ला जोडला. नंतर दोनदा रीबूट करून बघितलं, खोचलेला असला की मॉड्यूल आपसूक चढतं, कुठल्या फाइलीत नाव लिहावं लागलं नाही.

रात्री साडेनऊला पहिली रीडिंग आली. वरच्या थरात आर्द्रता ६९ टक्के, पश्चिमेच्या कोपऱ्यात खाली ७८. आपल्याला ६५ ते ७० च्या आत हवी, नाहीतर कांद्याला काजळी (काळी बुरशी) धरते. त्या बाजूला वळवाच्या पावसासाठी ताडपत्री बांधली होती, हवाच खेळत नसणार. सकाळी जाऊन ती सोडतो आणि दुपारची रीडिंग बघतो.