टेक-ट्री आणि आग्र्याची तोफशाळा

लष्करवासी (ग्वाल्हेर) :
ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये टेक-ट्री (शोधांचे झाड; एक शोध लागला की त्यावरची पुढची फांदी उघडते) हीच सर्वांत न्याय्य रचना आहे, गुण साठवावेत आणि फांदी उघडावी, असे काल येथे राजवाडेकरांनी लिहिले. पुढे ते म्हणतात की, मराठ्यांनी हे वेळेवर केले नाही म्हणून ते हरले. हे वाचून गप्प बसवले नाही. १९९१ च्या सिव्हिलायझेशन या गेमपासून असेच गृहीत धरले जाते की, एकदा लागलेला शोध कायमचा आपला होतो. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर डी बॉइन या युरोपीय सेनानीकडून कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या) पलटणी उभ्या करवल्या आणि आग्र्यात तोफा ओतवल्या. म्हणजे फांदी उघडली होती. १८०३ मध्ये इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतले आपले अधिकारी फोडले, आणि ऑक्टोबरात आग्रा पडले. तोफा ओतण्याची विद्या ज्या माणसांत आणि ज्या भट्टीत होती, तीच हातची गेल्यावर फांदी कसली उरते?

राजवाडेकर (इंदूर) :
आपले दुखणे रचनेचे नसून महादजींचे आहे. तीस तास बसून मिळवलेले एका जाहीरनाम्याने गेले, तर खेळणारा तो गेम पुन्हा उघडणार नाही. शिवाय कवायतीच्या नादी लागणे हीच मुळात चूक होती; १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी इंग्रज सेनानी मॉन्सनला कोट्याजवळच्या मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळले, ते घोडदळाच्या बळावर.

लष्करवासी :
आणि त्याच वर्षी भरतपूरजवळच्या डीगच्या लढाईत यशवंतरावांच्या ज्या तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, त्या काय घोड्यांनी ओतल्या होत्या? होळकरांच्याही कवायती पलटणी होत्या, हे इंदूरकरांना सोयीस्करपणे आठवत नाही.

राजवाडेकर :
इंदूरकरांना सगळे आठवते. दर चर्चेत शिंद्यांची छावणी मध्ये येते, हेही आठवते.

मांडवीकर (वडोदरा) :
दोघांनीही तलवारी म्यान कराव्यात. मकरपुऱ्यात माझे लहानसे वर्कशॉप आहे. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतणारा आमचा मिस्त्री नोकरी सोडून गेला, तेव्हा भट्टी, साचा आणि धातू सगळे जागच्या जागी होते; तरीही चार महिने आमच्या प्रत्येक ओतकामात बारीक भोके पडत राहिली, कारण साचा किती तापला की धातू सोडायचा, हे तो कागदाचा कपटा टेकवून, त्याचा रंग पाहून ठरवत असे, आणि ते कोणी लिहून ठेवले नव्हते. ग्वाल्हेरकरांचे म्हणणे मला म्हणून पटते. उपायही कठीण नाही. डी बॉइनच्या पलटणींचा पगार गंगा-यमुनेच्या दुआबातल्या नेमून दिलेल्या मुलखाच्या वसुलातून जात असे. गेममध्येही फांदीला मुलूख बांधून द्यावा. मुलूख गेला की फांदी सुकेल, आणि खेळणाऱ्याला ते चार खेळ्या आधी दिसेल, म्हणजे फसवल्यासारखे वाटणार नाही.

राजवाडेकर :
युरोपा युनिव्हर्सालिस या गेमने २०१६ मध्ये जन्मजात तंत्रगट (देशागणिक आधीच ठरलेला शोधांचा खर्च) काढून छापखान्यासारख्या संस्था प्रांतोप्रांती पसरवल्या, तेव्हा मीच कुरकुर केली होती आणि नंतर मुकाट्याने खेळलो, त्यामुळे हेही खेळेन. आग्रा पडल्यावर तोफांची फांदी सुकवा. मात्र घोडदळाच्या फांदीला खर्च लावू नका.

लष्करवासी :
का? यशवंतरावांची घोडी वारा खाऊन धावत होती?